कानातली प्राची

नेटवर्क बंद पडलं आणि योगिनी पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा शंतनु टीव्हीसमोर बसून होता. मांडीवर कन्सोलचा कंट्रोलर, पडद्यावर एकच ओळ : सेवा तात्पुरती बंद आहे. हे काही एकट्या परभणीत नव्हतं. कंपनीचं कुठलं तरी मोठं यंत्र बसलं होतं म्हणे, त्यामुळं जगभरातले खेळणारे असेच खोळंबले होते. लोक चिडून लिहीत होते, आता आम्ही दुसऱ्या कंपनीकडं जाणार. योगिनीला मात्र त्या बसलेल्या यंत्राला हळदीकुंकू वाहावंसं वाटत होतं.

कारण नेटवर्क बंद म्हणजे प्राची बंद.

प्राची सोनपेठची. शंतनुच्या टीममध्ये खेळायची. संध्याकाळी शाळेत शिकवून आला की तो हेडफोन चढवायचा आणि तिच्याशी बोलत बोलत खेळायचा. टीममध्ये जिंतूरचा हरिओमही होता, पण योगिनीच्या डोक्यात हरिओम कधी आलाच नाही. एकदा हेडफोन लावायच्या आधी टीव्हीतूनच आवाज फुटला, "अरे शंतनु, कुठं होतास?" ते 'अरे' योगिनीच्या जिव्हारी लागलं. एकेकाळी ते तिचं होतं. लग्नानंतर सासूबाईंसमोर त्याचं 'अहो' झालं, ते कायमचंच.

खेळातली तर मैत्री, त्याचं काय एवढं, असं दुसरी कुणी म्हणाली असती. योगिनीला तसं म्हणायची सोय नव्हती. ती आणि शंतनु ह्याच खेळात भेटले होते. ती परभणीत, तो जिंतुरात. तोंड न बघता नुसतं कानात बोलणं. "जा तू पुढं, मागं मी हाय," असं तो म्हणायचा आणि ती निर्धास्त पुढं जायची. घरच्यांपुढं स्थळ रीतसर गेलं ते फार नंतर. कानातलं माणूस किती आत उतरतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पोटात श्रीनिधी आली आणि तिचा खेळ सुटला. आता संध्याकाळी तिच्या मांडीवर लेकरू असायचं आणि त्याच्या कानात प्राची.

त्यातून ते एक वाक्य. ती आत श्रीनिधीला पाजत होती आणि बाहेरून त्याचा दबका आवाज आला होता, "थांब थोडे दिवस, प्राची. लेकरू लहान हाय." लेकरानं तेव्हा दूध प्यायचं सोडून आईकडं बघितलं होतं, इतकी तिची छाती धडधडली होती.

म्हणून जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमी बी दुसऱ्या कंपनीचं घ्या की. सगळे तिकडंच चाललेत म्हणं."

"सगळे न्हाई," शंतनु म्हणाला.

"खेळ तर तिथंबी तोच हाय."

"खेळ तोच हाय." त्यानं वरण वाढून घेतलं. "पण मी न्हाई सोडणार हे."

सगळे न्हाई म्हणजे कोण, हे तिनं विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. पानातली अर्धी पोळी तिनं तशीच ठेवली आणि लेकरू रडत नसतानाही ती लेकराकडं उठून गेली.

रविवारी सेवा सुरू झाली. कंपनीनं माफी मागितली. शंतनुनं हेडफोन काढला, फुंकर मारून पुसला. योगिनी दारातून ते बघत राहिली. इतक्या मायेनं त्यानं तिची चौकशी करून किती दिवस झाले, हे ती मनात शोधत होती. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, नळ आले. परभणीत नळापुढं कुणाचं काही चालत नाही. शंतनु हेडफोन सोफ्यावर टाकून मोटार लावायला पळाला.

सोफ्यावरून बारीक आवाज यायला लागला. कुणीतरी शंतनुला हाका मारत होतं.

योगिनीनं खांद्यावर झोपलेल्या श्रीनिधीला सावरलं आणि दुसऱ्या हातानं हेडफोन कानाला लावला.

"शंतनु, हायेस का? किती येळ झाला..."

"ते नळाला गेलेत. मी त्यांची बायको बोलायलेय."

पलीकडून आवाज आला, "योगिनीवैनी का?"

"वैनी म्हणायला आपली काही ओळख न्हाई." लेकरू उठू नये म्हणून योगिनी भांडणही हळू आवाजात करत होती. "एकच विचारते. लोक हे सोडून दुसऱ्या कंपनीकडं चाललेत. आमचे तेवढे हितं अडून बसलेत. तुझ्यापायीच ना?"

"माझ्यापायी?" प्राचीला हसू आलं, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "मीच चाललेय की, वैनी. हरिओम तर गेला पण. शंतनुला सांगून जावं म्हणून थांबलेय."

तरी योगिनी म्हणाली, "एवढ्याशा बंदनं कुणी असं सोडून जातंय का?"

"बंद ह्याच्या आधीबी पडलं व्हतं. तवा कुणी हाललं न्हाई. ह्या बारीला निमित्त सापडलं एवढंच. आमी जायलोत ते तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं?"

"न्हाई तर काय. लय राग यायचा तुमचा मला," प्राची म्हणाली. "टीम चौघांची असती. योगिनी परत येईल, तवर हितं तिची जागा ऱ्हाऊ द्या म्हणतो शंतनु अन् कुणाला घेऊ देत न्हाई. मी आल्यापासून आमी तिघंच खेळायलोत अन् रोज हरायलोत."