तिसरी पट्टी

सिद्धीनं गरम पाण्यातून प्लॅस्टिकची पट्टी चिमट्यानं उचलली, फडक्यावर टिपली आणि आधी स्वतःच्या हातावर ठेवली. मनात वीस आकडे मोजले. मगच ती बानूबाईंकडे वळली.

"आजी, आणा हात."

बानूबाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला. दंडाचं मोडलेलं हाड जुळलं होतं, पण त्याच्याजवळची शीर दुखावली होती. मनगट खाली लोंबत होतं. शीर सावकाश जागी होईल, तोवर मनगट वर धरून ठेवा, नाहीतर ते तसंच आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नारायणगावच्या रिखबचंद शेटची ही मुलगी पुण्यात अशाच प्लॅस्टिकवर संशोधन करत होती. तापलं की द्यावा तो आकार घेणारं, गार झालं की तो धरून ठेवणारं, आणि पुन्हा तापलं की आपला मूळचा सपाटपणा आठवणारं. पहिल्या दोन पट्ट्यांना तो फारच लवकर आठवला होता. पिंपरी पेंढारच्या माळावर मेंढरांमागं तासभर फिरलं, की बानूबाईंचं मनगट पुन्हा खाली.

"ताई, आता ऱ्हाऊ द्या," त्यांचा मुलगा मच्छिंद्र मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी धरून म्हणाला. "आईनं उनात जायचं बंद केलं म्हंजी झालं."

"आन मेंढरं काय तू सावलीत चारनार?" बानूबाई म्हणाल्या.

"चूक माझी होती, दादा," सिद्धी पट्टी मनगटाखाली वळवत म्हणाली. "पट्टी कोमट पाण्यातच मऊ व्हावी म्हणून मी तिच्यात मऊ करणारं औषध जास्त घातलं. मग ती उन्हातही मऊ पडली. या वेळी औषध निम्मं केलंय आणि शंखजिऱ्याची पूड मिसळलीय. त्यानं ती कडक राहते."

"मग आदीच का न्हाई कमी केलं?"

सिद्धी पट्टीचा पट्टा बांधायला खाली वाकली. वाकताना तिची बाही वर सरकली. कोपरापर्यंत लाल डाग होते. काही ताजे, काही काळे पडलेले.

"ह्ये कशानं भाजलं?" बानूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आजी."

"सांग म्हनते ना."

"औषध कमी केलं की पाणी जास्त गरम लागतं. पट्टीच्या कडा हाताच्या वरच्या बाजूला येतात आणि तिथं तुम्हाला चटका कळत नाही. भाजलं असतं तरी तुम्हाला समजलं नसतं. म्हणून किती निवल्यावर लावायची, ते माझ्या हातावर बघितलं."

मच्छिंद्रनं जाळी सोडली. जवळ येऊन त्यानं चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं, आणि मग काय करावं ते न सुचून तिथंच उभा राहिला. बानूबाईंनी डावा तळवा सिद्धीच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

पट्टी गार झाल्यावर ती उन्हात टिकते का ते बघायला दोघी उघड्या कातळावर जाऊन बसल्या. दुपारचा एक वाजला होता. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी होती. मच्छिंद्रनं घोंगडी आणून सिद्धीच्या डोक्यावर धरली. बानूबाईंचा हात मात्र उन्हात होता.

अर्ध्या तासानं पट्टीची कड उचलल्यासारखी वाटली.

"गेली का गं?"

सिद्धीनं दाबून पाहिलं. पट्टा सैल झाला होता, एवढंच. तिनं तो आवळला.

तास झाला. मग आणखी अर्धा. मनगट होतं तिथंच होतं. बानूबाईंनी त्या हाताची बोटं मिटली, घोंगडीचं टोक पकडलं आणि हिसका दिला. मच्छिंद्रच्या हातून घोंगडी सुटली. तो हसला.

"लई उपकार झाले, बाई," बानूबाई म्हणाल्या.

"उपकार तुमचे, आजी. पट्टी वाकली तेव्हा तुम्ही दोन्ही वेळा नारायणगावला येऊन तोंडावर सांगितलंत. लोक गुपचूप काढून ठेवतात. मला वाईट वाटेल म्हणून गोड बोलतात. प्रयोगशाळेत तर ती टिकलीच होती. तिथं मे महिना नसतो."

बानूबाई उठल्या, पालाकडे गेल्या. आत भांडी वाजली. मच्छिंद्र मदतीला निघाला, तर त्यांनी त्याला तिथूनच परतवलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा बशी डाव्या हातात होती आणि कप उजव्या. चहा थोडा हिंदकळत होता, पण सांडत नव्हता. तीन महिन्यांत घरी आलेल्या कुणालाच त्यांनी उजव्या हातानं काही दिलं नव्हतं.

सिद्धी उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.