आबांचं पथ्य

“तू न्हायल्याबिगर मी न्हाणार न्हाई,” हैबतराव म्हणाले आणि त्यांनी गोधडी पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली.

साधना तेलाची वाटी घेऊन उभी होती. दिवाळीची पहिली आंघोळ, बाहेर उजाडायला आलेलं, बंबात पाणी कढत झालेलं आणि सत्तरीचा सासरा लहान पोरासारखा हटून बसलेला. वाटी भिंतीवर आपटावी असं तिला वाटलं.

“आबा, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?”

“रोज आंघोळ कर म्हनल्यात. एकट्यानं कर असं कुटं म्हनल्यात?”

शेवटी तिनंच आधी डोक्यावरून पाणी घेतलं. न्हायचा तिला अलीकडे कंटाळाच यायचा, पण इलाज नव्हता.

तिच्या सासूबाई, म्हणजे साळूबाई, आषाढात गेल्या आणि रिहे गावातल्या त्या घराचा बोलता आवाजच गेला. साधनाचा नवरा कैलास पिरंगुटच्या कंपनीत पाळ्या करायचा, त्यामुळं दिवसभर घरात ही दोघंच. नवरात्रात एका भर दुपारी आबा मळ्यातल्या विहिरीत पाय सोडून काठावर बसलेले तिला दिसले. घरात नळाला पाणी असताना ती त्या वेळी विहिरीवर कशाला गेली होती, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. “मला घरी ने,” एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. म्हातारा पुन्हा तिकडं गेला तर?

कैलासनं दोघांना पौडला मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या बाईंची तऱ्हाही वेगळीच. आबांना दोन प्रश्न विचारले आणि साधनाला दहा. झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का. “पेशंट तिकडं बसलाय,” साधना फटकन म्हणाली होती. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. पहाटे उठणं, रोज आंघोळ करणं, उन्हात चालणं, वेळेवर जेवणं, रोज कुणाच्या तरी घरी जाऊन बसणं, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही, असं पथ्य त्यांनी सांगितलं. “दिवाळीत जास्त जपा,” त्या म्हणाल्या. “सगळे हसत असतात ना, तेव्हा आपलं दुःख जास्त टोचतं.”

टोचतं हे खरं होतं. घरामागच्या भाड्याच्या खोल्यांत पुण्याची पाहुणेमंडळी उतरली होती. त्यांचं खिदळणं ऐकून साधनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि त्यात आबांनी नाकी नऊ आणलेले. तिनं अर्धी भाकरी घेतली की यांचीही अर्धीच. तिचे केस विस्कटलेले दिसले की, “साळू आजारी असताना अशीच दिसायची,” म्हणून तोंड फिरवायचे. मग ती आदळआपट करत वेणी घालायची. एकदा तर ते म्हशीची मान खाजवत मजेत गुणगुणत होते. साधना दिसली आणि तोंड पडलं. माझ्यासमोरच बरं याचं दुःख उतू जातं, ती मनात म्हणाली.

घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं, म्हणून त्या दिवाळीत कढई चढवायची नव्हती. फराळ भावकीनं आणून द्यायचा. नऊ घरचे नऊ डबे आले. शेजारच्या चंद्राबाईंनी डबा आबांपुढं ठेवला, पण लाडू काढून साधनाच्या हातात दिला.

“खा गं बाई. किती वाळलीस!”

“त्यास्नी द्या की, काकी.”

“त्यो खाईल. तू खा.”

पाडव्याला आबांनी नवीन टूम काढली. डबे रिकामे द्यायचे नाहीत, प्रत्येकात ओंजळभर नवा इंद्रायणी तांदूळ घालायचा आणि आपण दोघांनी घरोघर जाऊन द्यायचे.

“नऊ घरं, आबा! कुणाच्या तरी हाती धाडू की.”

“मग ऱ्हाऊ दे. पडतो मी हितंच भिंतीकडं तोंड करून.”

झालं. पिशवीत डबे घेऊन ती निघाली. उन्हातान्हात चालत जायचं, प्रत्येक घरी टेकायचं, आणि आबा “बरं हाय” म्हणून मुके व्हायचे. “बोल की तू, मला काय सुचंना.” मग साधनाच बोलायची, भाताचं, पाहुण्यांचं, कशाचंही. पाचव्या घरी पिंकी नावाची नवी सून होती. आपल्या चकल्या तेलात पडताच कशा विरघळल्या आणि सासऱ्यांनी ती कढी समजून वाटी कशी पुढं केली, हे तिनं नक्कल करून सांगितलं. साधना खो खो हसली. हसली आणि दचकली. आबांकडं पाहते तो, ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

आलं याला परत रडू, ती वैतागली. एक घडी सुखाची मिळू देईल तर शपथ.

भाऊबीज झाल्यावर दोघं पौडला गेली. साधनानं एका दमात सगळं सांगितलं. “आबा पहाटं उठत्यात, चालत्यात, दोन भाकरी खात्यात. पर माझा जीव खाऊन, बाई. मी केल्याबिगर एक गोष्ट करत न्हाईत.”

“आणि तुमची झोप?”

“लागतीया आता. त्यांचं बघा.”

बाईंनी तिला जरा बाहेर बसायला सांगितलं. बाकावर टेकल्यावर तिच्या लक्षात आलं की आबांचा चष्मा आपल्याच पिशवीत राहिलाय. ती उठून दाराशी आली. दार अर्धवट उघडं होतं.

“आता तिला खरं सांगायला हवं, आबा,” बाई म्हणत होत्या. “असं फार दिवस लपवणं बरं नाही.”

“सांगतो की.” आबांचा आवाज खणखणीत होता. आषाढापासून तिनं तो तसा ऐकला नव्हता. “पर पोरगी आत्ता कुटं हसाय लागलीया, बाई. सोतासाठी ती अजून उठायची न्हाई, माझ्यासाठी उठती. आनखी पंधरा दिस मला आजारीच ऱ्हाऊ द्या.”