सिमेंट, छर्रे आणि गोदेचा पूर

"एसटी येऊन तास झाला. दळण कुठंय, आत्या?" सविता दारातच उभी होती. सातवा महिना लागल्यापासून तिला वाकायलाही सासू बंदी करायची.

"राह्यलं गिरणीत." वत्सलाबाई बाजूला सरल्या. "पाहुणा हाय. हिरामणच्या पलटणीतला. निफाडचा रंगनाथ."

रंगनाथचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. कारगिलहून जखमेच्या रजेवर सुटलेला माणूस घरी निफाडला जायचा, तो आधी हरसूलला आला होता.

"हे कसे हायेत?"

"मजेत, वहिनी. वजन वाढलंय."

"डब्यातलं खाऊन?"

"आता तूच सांग रे तिला," वत्सलाबाई म्हणाल्या. "मला सांगितलंस तसं."

त्या घरात पत्र म्हणजे जेवणाचं तिकीट होतं. वत्सलाबाईंना अक्षरओळख नव्हती, सविता सातवी पास. आठवड्याच्या बाजारातून सून पत्र घेऊन यायची आणि ते ऐकल्याशिवाय सासू भाकरीला हात लावायची नाही. दर पत्रात जवानांनी शिध्याला ठेवलेलं नवं नाव. म्हातारी ते ऐकून हसायची आणि हसली की दीड भाकरी जास्त खायची. सुनेनं हा हिशेब बरोबर ओळखला होता.

सवितानं दोन ताटं वाढली. नागलीची भाकरी, उडदाचं बेसन.

"शिरा असतो पलटणीच्या बंद डब्यात," रंगनाथ ताटात बघूनच बोलू लागला. "त्याला सिमेंट म्हणतो आम्ही. एकदा घशात बसला की भिंत."

"बघ!" वत्सलाबाई हसल्या. जरा मोठ्यानंच.

"शंकरपाळ्यांना छर्रे. दात गेला तर सरकार भरपाई देत नाय."

"आणि हरभऱ्याचा डबा?" सवितानं विचारलं.

"त्याला हिरामण 'आमचा बाप' म्हणतो. ठोकल्याबिगर उघडतच नाय."

"खरंय हो," वत्सलाबाई म्हणाल्या. "त्याचा बाप तसाच होता."

"आणि डाळीला गोदेचा पूर. नुसतं गढूळ पाणी, डाळ शोधायला होडी घालावी लागते. हिरामणनंच ठेवलं ते. अजून परवा म्हणत होता…"

सविताच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी चुलीपर्यंत गेलं. कुणी उठलं नाही.

जेठ महिना लागल्यापासून हिरामणचं एकही पत्र आलं नव्हतं. दर आठवड्याला ती तेच जुनं निळं पत्र उलगडायची आणि मनचं वाचायची. सिमेंट तिचं. छर्रे तिचे. सासऱ्यावरचा टोमणाही तिचाच. आणि गोदेचा पूर तर तिनं आज सकाळीच, याच चुलीपुढं रचला होता. ऐकायला एकटी सासू होती. म्हणजे एसटी आल्यापासूनचा तास सासू रंगनाथला हेच पढवत होती.

तिनं सासूकडं पाहिलं. वत्सलाबाई अजून हसत होत्या. ताटातल्या भाकरीला हात लागला नव्हता.