पोत्याऐवजी आप्पा

तिसऱ्या मजल्यावरच्या दारापुढे स्ट्रेचर टेकलं. त्यावर दोरीनं बांधलेलं वाळूचं पोतं बघून सून म्हणाली, "हे कुणासाठी?"

"तुमच्या सासऱ्यांसाठी," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, त्यांच्याऐवजी."

मॅडम नगरपालिकेच्या आपत्ती विभागातल्या. मागची टेकडी अतिवृष्टीत खचू शकते, म्हणून आज सगळ्या इमारतीनं खाली उतरायची रंगीत तालीम होती. बाकीची मंडळी हसतखिदळत अंगणात जमलीही होती. जे अंथरुणाला खिळलेले असतील त्यांच्या जागी पोतं उतरवायचं, अशी विभागाची पद्धत होती. आजाऱ्याला उगाच त्रास कशाला? पोतं दरवेळी सुखरूप खाली पोचायचं.

आतून आवाज आला, "माझ्या वजनाचं आहे का ते?"

"थोडं जास्तच भरलंय, आप्पा," अग्निशमन दलाचा जवान म्हणाला.

"मग मलाच न्या की. तेवढीच हमाली कमी."

सून चटकन आत वळली. "काहीतरीच काय, आप्पा! पडलात बिडलात म्हणजे? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"चालू नका, असं सांगितलंय. उचलू नका, असं कुठे सांगितलंय?"

कंबरेचं हाड मोडल्यापासून आप्पा खाली उतरलेच नव्हते. पलंगाजवळच्या खिडकीतून टेकडी दिसायची, रस्ता नाही. सून त्यांचं सगळं मनापासून करायची, पण त्यांना जिन्यावरून न्यायचं म्हटलं की ती नकोच म्हणायची.

मॅडम पोत्याकडे बघत राहिल्या. आजवर एकाही पोत्यानं तक्रार केली नव्हती. खरा माणूस काय म्हणेल?

"बघू या का नेऊन?" त्यांनी सुनेला विचारलं. "जरा जरी दुखलं, तर तिथूनच परत."

"आणि काही झालं तर?"

"जबाबदारी माझी."

सुनेनं आप्पांकडे पाहिलं. ते लग्नाला निघाल्यासारखे सदऱ्याची बटणं लावत होते. "बरं," ती म्हणाली, "पण मी डोक्याशी असणार."

पोतं उतरलं, आप्पा चढले. जवान आणि त्याच्या तीन साथीदारांनी, दोघांनी पुढून, दोघांनी मागून, स्ट्रेचर उचललं. पहिल्या वळणावरच ते अडकलं. एक टोक कठड्याला, एक भिंतीला. डावीकडून करून पाहिलं, उजवीकडून करून पाहिलं. वळेना.

जवानानं घाम पुसला. "कमाल आहे! पोतं इथून आरामात जातं."

"कसं काय?" मॅडमनी विचारलं.

"सोपं आहे. इथे आलं की उभं करतो."

सगळ्यांनी स्ट्रेचरवरच्या आप्पांकडे पाहिलं.

"मला उभं करता आलं असतं," आप्पा आडवेच म्हणाले, "तर तुम्हा लोकांना त्रास दिला असता का?"

हसू आधी सुनेला फुटलं. मॅडम मात्र वाकून कोपरा निरखत होत्या. कठड्यापासून भिंतीपर्यंत त्यांनी हात पसरून पाहिला. या भागातल्या सगळ्याच इमारतींचे जिने असे अरुंद होते. "मग इथून माणूस न्यायचा कसा?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"बसतात ते," सून म्हणाली. "पाठीला उशी दिली की जेवायला रोज खुर्चीत बसतात."

स्ट्रेचर परत दारापुढे आलं. सुनेनं आतून हातांची लाकडी खुर्ची आणली, उशी लावली, आप्पांना बसवलं आणि चादरीनं छातीशी बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"दुखतंय?"

"गाठच दुखतेय. सैल कर."

वळणावर खुर्ची अलगद फिरली. पुढे मॅडम प्रत्येक वळणावर विचारत होत्या, "आता कसं वाटतंय?" आणि आप्पा दरवेळी, "पुढे बघा, पुढे," म्हणत होते.

अंगणात टाळ्या झाल्या. आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खुर्ची रस्त्याकडे फिरवून घेतली.

"तो कोपऱ्यावरचा न्हावी कुठे गेला?"

"तिथे आता औषधांचं दुकान झालंय, आप्पा."

"आणि ही भिंत केव्हा रंगवली? तो सायकलवाला कुणाचा कोण?"

सून सांगत होती. थोड्या वेळानं तिला एकेका प्रश्नाचं उत्तर येईना, तेव्हा ती शेजाऱ्यांना विचारून सांगू लागली.

मॅडम फोनवर विभागाला सांगत होत्या, "पोती बंद करा. प्रत्येक घरी माणूसच उतरवून बघायचा." फोन ठेवून त्यांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. "चला मंडळी, धोका टळला! आप्पांना वर घ्या."

जवानानं खुर्चीच्या पाठीला हात घातला.

"एवढ्यात?" आप्पांनी मान वळवून मॅडमकडे पाहिलं. "टेकडीला विचारलंत का?"

मॅडमनी टेकडीकडे पाहिलं. वर झुडपांत एक शेळी निवांत चरत होती. त्यांनी शिट्टी सोडून दिली.

"नाही विचारलं अजून," त्या म्हणाल्या आणि आप्पांच्या शेजारी पायरीवर बसल्या.