डाव्या बाजूचं वजन

बुलेटला साइडकार जोडली की गाडी स्टँडवर कलत नाही आणि चढावर मागे घसरते, म्हणून विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं फायली हलवलेल्या रमाकांतांनी साइडकारच्या चाकाला स्वतःच्या हातांनी हँडब्रेक बसवला. गिरगावातून निघताना त्यांनी साइडकारमध्ये बसलेल्या बायकोला, सरोजिनीला, तिच्या गुडघ्याजवळचा दांडा वर ओढून ब्रेक कसा लागतो ते दाखवलं. मग बजावलं, "नाजूक काम आहे. तू कशाला हात लावू नकोस आणि मध्ये मध्ये बोलू नकोस."

चौपाटीपर्यंत गाडी कशीबशी आली. ती सारखी डावीकडे ओढत होती, म्हणजे नेमकी सरोजिनीच्या बाजूला. कारण रमाकांतांच्या लगेच लक्षात आलं. "डॉक्टर सांगतात तेव्हा ऐकायचं नाही," ते म्हणाले. "निदान संध्याकाळची बटाटाभजी तरी सोड."

सरोजिनीने ओठांवर बोट ठेवलं.

वाळकेश्वरच्या चढावर गाडी बंदच पडली. रमाकांतांनी सरोजिनीला खाली उतरवलं, पुन्हा किक मारली, तरी गाडी जागची हलेना. शेवटी ते रस्त्यात उकिडवे बसून टायरची हवा चाचपू लागले. सरोजिनी रुमालाने घाम पुसत शेजारी येऊन उभी राहिली.



"अहो, वजन तर उतरलं. आता बोलू का? तो दांडा तुम्ही घरापासून वरच ठेवलाय."