हरवण्याची रंगीत तालीम

बादल्यांच्या थप्पीआड ती उकिडवी बसली होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. फटीतून तिची नजर टॉवेलच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या आपल्या लेकीवर खिळली होती. लेक एकटी होती. ते तिच्या लक्षात येणं तेवढं बाकी होतं.

"शोभतं का हे?" मागून सासूबाई म्हणाल्या. विकायला ठेवलेल्या सोफ्यावर त्या घरच्यासारख्या पाय वर घेऊन बसल्या होत्या. "पोर आहे ती. पोलीसभरतीला नाही आलेली."

"हळू बोला ना, आई. ऐकेल ती."

"ऐकू दे. म्हणजे हा पोरखेळ तरी संपेल."

पोरखेळ नव्हता, परीक्षा होती. समुद्राकाठच्या त्या जुन्या, तटबंदीच्या गावी दोन दिवस जाऊन यायचं घाटत होतं. नवऱ्याने फोटो दाखवले होते. गावाला चहूकडून दगडी तट, तटाखाली फुटणाऱ्या लाटा, आत बोळांचं जाळं. "बोळ मुद्दाम असे वेडेवाकडे बांधलेत," तो कौतुकाने म्हणाला होता, "शत्रू आत शिरलाच तर वाट चुकावा म्हणून." झालं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. सैन्यच्या सैन्य जिथे चुकायचं, तिथे आपल्या भिंगरीचा काय पाड? घरात सगळे पोरीला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. पाच वर्षांची झाली, पण एका जागी टिकेल तर शपथ.

मग घरी शिकवणी सुरू झाली. हरवलीस तर काय करायचं? आहोत तिथेच उभं राहायचं. रडायचं नाही. दुकानातल्या माणसाला सांगायचं. भिंगरी घडाघडा म्हणून दाखवी. पण म्हणून दाखवणं वेगळं आणि हरवणं वेगळं. आज न घसरणारे बूट घ्यायला म्हणून या भल्यामोठ्या दुकानात आल्यावर आईच्या मनाने घेतलं, एकदा पोरीला हरवूनच बघू. तिकडच्या खोलीवाल्या बाई संध्याकाळपर्यंतच खोली राखून ठेवणार होत्या. नवरा ऑफिसातून फोन करून विचारणार होता. पोर पास झाली तर जायचं, नाहीतर आपली गच्ची आहेच हवा खायला. खरं म्हणजे त्या तटावर उभं राहून वारा अंगावर घ्यायची हौस सगळ्यांत जास्त तिलाच होती. भिंगरी नापास झाली असती तर आधी तिलाच रडू आलं असतं.

भिंगरीने मान वर केली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. बादल्यांमागे आई आणखी खाली वाकली.

"ओ मॅडम!" खांद्यावर हात पडला. दुकानाची पहारेकरीण होती. "मघापासून बघतेय मी. त्या मुलीवर काय नजर ठेवून बसलात?"

"माझीच मुलगी आहे ती."

"मग लपलात कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "मी... मी तिला हरवतेय," ती म्हणाली.

पहारेकरणीच्या भुवया चढल्या. "चष्मा काढा आधी. आणि चला ऑफिसात."

"अहो, यांना विचारा! माझ्या सासूबाई आहेत या!"

"आता बरी सासू आठवली," सासूबाई सोफ्यावरून न हलता म्हणाल्या. "सून आहे हो माझी. एरवी बरी असते."

तेवढ्या बोलण्यात घात झाला. ती वळून बघते तर टॉवेलच्या टेबलाभोवती ही गर्दी लोटलेली, आणि भिंगरी दिसेना. तिच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळपासून "या या, स्वस्त झाले" म्हणून टॉवेल विकणाऱ्या बाईंचा माइकवरचा आवाजही अचानक बंद पडला होता.

मग माइक खरखरला.

"ग्राहकांना विनंती आहे," टॉवेलवाल्या बाई म्हणाल्या, "आपल्या दुकानात एक आई हरवली आहे."

दुकानभर माना वर झाल्या.

"हिरवा ड्रेस, हातात मोठी पर्स... आणखी काय गं बाळ? हां. स्वभावाने काळजी करणारी आहे. कुणाला सापडल्यास कृपया रागावू नये, तिला लगेच रडू येतं. तिला टॉवेलपाशी आणून सोडावं."

पाठोपाठ ओळखीचा बारीक आवाज आला. "आई, मी हलले नाही गं. तूच गेलीस."

आधी पहारेकरीण हसली. मग सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाय खाली सोडावे लागले. "चला, पोचवते तुम्हाला," म्हणत पहारेकरणीने सापडलेल्या आईचा दंड धरला. गर्दीने वाट करून दिली. "सापडली, सापडली!" कुणीतरी ओरडलं आणि दोन-चार टाळ्याही पडल्या.

भिंगरी टेबलापाशी होती तिथेच उभी होती, पाय जुळवून. डोळे कोरडे. तिने आईला नखशिखान्त न्याहाळलं. "घाबरलीस?"

"हो गं," आई म्हणाली, आणि तिथेच खाली बसून तिने लेकीला पोटाशी धरलं. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

पर्समधला फोन वाजायला लागला. आईचे हात मोकळे नव्हते, ते इतक्यात मोकळे होतील असंही दिसत नव्हतं. भिंगरीनेच फोन काढून कानाला लावला.

"काय ठरलं मग?" पलीकडून बाबा. "जायचं का?"

"जायचं, बाबा," भिंगरी म्हणाली. "आईलाही नेऊ या. गर्दीत तिचा हात मी धरेन."