दारापेक्षा मोठं कपाट

कपाट पुन्हा दारात अडकलं आणि सुतार मटकन खाली बसला.

“दाजी, जरा आडवं करून बघू का?” मेव्हण्यानं विचारलं. घटस्फोटानंतर दाजी म्हणायचं की नाही, हे वाटणीच्या कागदात कुठंच नव्हतं. म्हणून तो म्हणत होता.

“उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. आता काय गुंडाळून नेऊ?”

वाटणीत घर बायकोकडे गेलं होतं. सुतारानं हट्टानं एवढंच मागून घेतलं होतं: लग्नाच्या वर्षी याच खोलीत बसून स्वतःच्या हातानं केलेलं सागवानी कपाट. वकील सांगून थकला, अहो, फ्रिज घ्या, गाडी घ्या. हा जागचा हलला नाही. आज अंधार पडायच्या आत जे बाहेर जाणार नाही ते घराबरोबर तिचं, असं ठरलं होतं. खिडकीतलं ऊन आता पार समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

कपाट करताना त्यानं भिंतीचं माप अगदी काटेकोर घेतलं होतं. दाराचं घेतलंच नव्हतं.

ती आतल्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती.

“चौकट काढतो,” तो तिला म्हणाला. “लगेच परत बसवून देतो.”

“चौकट माझ्या वाट्याची आहे.”

“मग कपाटही ठेवून घे की.”

“मी कुठं मागितलं? तुमचं आहे. न्या.”

मेव्हणा खिडकीपाशी जाऊन आला. खिडकीला गज होते.

शेवटी सुतारानं पिशवीतून करवत काढली. बरोबर सांध्यावर कापलं तर दोन तुकडे नेऊन पुन्हा जोडता येतील, असा त्याचा हिशेब. पण सांधा काही सापडेना. त्या काळी आल्यागेल्याला तो सांगत सुटायचा, एक खिळा नाही, सांधा शोधून दाखवा. आता स्वतःच शोधत होता. चष्मा लावला, काढला, सदऱ्याला पुसून पुन्हा लावला. फळीवर नख ओढत गेला.

“एवढं बेमालूम कशाला करून ठेवायचं माणसानं,” तो चिडून पुटपुटला.

“केलं कुणी, दाजी?” मेव्हणा म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

तिनं कप खाली ठेवला. कपाटापाशी आली आणि फारसं न बघताच फळीवर एका जागी बोट टेकवलं.

“इथं आहे. पुसताना हाताला लागतो.”

त्यानं करवत तिथं आणली.

“बोट काढ,” तो म्हणाला.

मेव्हण्यानं दुसऱ्या बाजूनं कपाट घट्ट धरलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

“अगं, बोट काढ.”

करवतीचे दात तिच्या नखाला टेकून थांबले होते.